साथीदाराचे स्वामित्व

आमच्या तिगावातील एका देवळात गेल्या कार्तिकात भजनाचा कार्यक्रम झाला. त्याची पत्रिका लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले होते. वकिलाच्या हातून मसुदा बरा उतरतो, असा खेड्यातील समज असतो. मी बुवांचे नाव ठळक घातले, त्यांच्या गुरूंचे घातले, देणगीदारांची नावे मानपानाचा क्रम सांभाळून घातली, आणि शेवटी दोन शब्द लिहिले : 'व सहकारी'. कार्यक्रमाच्या दिवशी आमचे तबलजी वेळेवर आले आणि पत्रिका माझ्यापुढे धरून त्यांनी एवढेच विचारले, "वकीलसाहेब, याच्यात मी कुठी आहो जी?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी नेहमीसारखेच उत्तम वाजविले. मात्र चहा न घेता ते घरी गेले.

त्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या न्यायालयातून सायंकाळी परतताना मी एका गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिका कानाला लावून ऐकत असे, आणि तबलजींचा तो प्रश्न ऐकण्यात सारखा आडवा येई. त्या गिटारवादकाचे नाव अमांसियो डिसिल्वा. या नियतकालिकाच्या मराठी पानांच्या वाचकांस ते बहुधा अपरिचित असेल. कोंकणी पानांचे वाचणारे कदाचित ओळखतील. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातील या माणसाचा जन्म १९३६ साली मुंबईस झाला. १९९६ साली ते वारले. त्यांची कीर्ती, जी काही झाली ती, लंडनमध्ये झाली. आणि त्यांचे क्षेत्र जॅझ. देवळाच्या ओसरीवर वाचल्या जाणाऱ्या पानांत अशा गृहस्थाचे काय काम, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की डिसिल्वा हे आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून वाजविणारे कलावंत होते, आणि शेजारी बसून वाजविणे म्हणजे काय हे आपल्या भजनी मंडळींइतके कोणास कळावे? कळावे, असे म्हणतो. कळते, असे म्हणण्याचा अधिकार मी ती पत्रिका लिहून गमावला आहे.

गोव्याच्या संगीताला दोन दारे होती. एक देवळाचे. त्या दारातून मंगेशीचे दीनानाथ आले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या, आणि लयीचा ज्यांना भास्कर म्हणत ते खाप्रूमामा पर्वतकर आले. खाप्रूमामांचे उदाहरण मुद्दाम देतो. कारण साथीच्या स्थानावरून केवळ लयीच्या बळावर गायकांच्या बरोबरीचा मान मिळविणारा असा दुसरा माणूस सहजी आठवत नाही. दुसरे दार इगर्जीचे. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या इगर्जींना जोडून शाळा असत, तेथे मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. या दारातून बाहेर पडलेली माणसे मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत गेली आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरली. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील मोठी नावे. चाल संगीतदिग्दर्शकाची असे. तिच्याभोवती व्हायोलिनांचे आणि पितळी वाद्यांचे जे वैभव उभे राही ते पुष्कळदा यांचे असे. आणि श्रेयनामावलीत नाव एकाचेच येई. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय आणि पाश्चात्य वादकांचा मोठा वृंद उभारला होता, हे आज कोणास ठाऊक नाही. १९७७ च्या एका चित्रपटातील गाण्यात त्यांचा शिष्य प्यारेलाल याने गुरूचे नाव गुंफले, ते मात्र पोरासोरांच्या तोंडी आहे. कृतज्ञतेचा हा प्रकार हृद्य आहे. परंतु ज्याचे नाव त्याच्याच कामावर छापले गेले नाही, ते विनोदी गाण्यात अमर व्हावे, यात काही चुकल्यासारखेही वाटते.

डिसिल्वा या दुसऱ्या दाराच्या परंपरेतले. पण चित्रपटाच्या वाटेने ते गेले नाहीत. मुंबईतील आणि सिमल्यातील उपाहारगृहांत ते वाजवीत. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना गिब्सन बनावटीची गिटार दिली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. संस्थाने विलीन झाल्यावरही राजाश्रयाची रीत अशी एखाद्या नळीतून झिरपत राहिली होती. १९६७ मध्ये मुलाच्या औषधोपचारासाठी ते सहकुटुंब लंडनला गेले. जॅझची पंढरी गाठावी म्हणून त्यांनी समुद्र ओलांडला असता, तर गोष्ट अधिक रम्य झाली असती. आजारी मुलाचा बाप म्हणून ते गेले, आणि पोटासाठी मिळेल तेथे वाजवू लागले.

लंडनमध्ये त्या वेळी डेनिस प्रेस्टन नावाचे ध्वनिमुद्रिकानिर्माते होते. हिंदुस्थानी संगीत आणि जॅझ यांचा विवाह लावण्याची हौस त्यांना आधीपासून होती, आणि एक विवाह त्यांनी लावलाही होता. मूळचे कलकत्त्याचे व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या नेतृत्वाखाली पाच हिंदी पद्धतीचे आणि पाच जॅझचे असे दहा वादक एकत्र बसविण्यात आले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये निघाली. या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व मी अमान्य करीत नाही. पण ऐकताना मला दिवाणी न्यायालयातील समझोत्याची आठवण होते. मेयर यांनी राग लिहून दिलेला; सतार, तंबोरा, तबला एका बाजूस; सॅक्सोफोन, तुतारी, पियानो दुसऱ्या बाजूस; पाळीपाळीने दोन्ही पक्ष आपापले म्हणणे मांडतात, कोणी कोणाचे खोडीत नाही, आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. भांडण मिटते, संसार होत नाही. हॅरियट मात्र मधूनच तो मसुदा बाजूस सारून एखादी जळती लकेर घेतात, तेव्हा कान टवकारतात.

याच प्रेस्टन यांनी डिसिल्वांना हाताशी धरले. १९६९ हे त्यांच्या आयुष्यातील भरतीचे वर्ष. त्या वर्षी 'इंटिग्रेशन' निघाली. तीत डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या नामांकित संचातील मंडळी त्यांच्याबरोबर होती. त्याच वर्षी घानाचे तालवादक गाय वॉरन यांच्या 'आफ्रो-जॅझ' या ध्वनिमुद्रिकेत डिसिल्वा वाजवून आले. आणि त्याच वर्षी जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो' झाली. एका वर्षात गोरे इंग्रज, आफ्रिकेचा पडघमवाला आणि जमैकाचा सॅक्सोफोनवाला, अशा तिघांशी तीन निरनिराळे संसार. अशा माणसाला बहुरूपी म्हणून सोडून देण्याकडे समीक्षकांचा कल असतो. मला तो मान्य नाही. रूपे पालटतात, पण हात एकच आहे, आणि तो ओळखू येतो.

तो कशावरून ओळखू येतो हे सांगण्यासाठी वाद्याकडे वळणे भाग आहे. गिटार आपल्या रागसंगीतात आली ती आडवी होऊन आली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर घेतली आणि पोलादी सळई तारांवरून फिरवून मींड काढली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या संगतीत ती गिटार लाखोंनी ऐकली. डिसिल्वांची गिटार ही नव्हे. त्यांची गिटार उभी, छातीशी धरलेली, सपाट पडद्यांची. सतारीचे पडदे कमानीसारखे उचललेले असतात, म्हणून त्यांवर तार आडवी खेचून एका पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड घेता येते; गिटारीच्या सपाट पडद्यांवर तार फार खेचली तर स्वर गुदमरतो. म्हणजे या वाद्यावर हिंदुस्थानी वळणाने बोलू पाहणाऱ्याची वाट मुळातच अडविलेली. डिसिल्वा ती अडचण झाकीत नाहीत. स्वराला खालून किंवा वरून किंचित स्पर्श करून ते त्यावर उतरतात, एकाच स्वरावर रेंगाळतात, एखादी तार आसासारखी वाजती ठेवून दुसरीवर बोलतात. आणि मग एकदम जॅझच्या रीतीने तीन-चार स्वरांचा गुच्छ टाकून मोकळे होतात. गुरूपुढे बसून राग घोटलेला हा हात नाही, हे कोणाही जाणकाराला तत्काळ कळेल. कानावरून पडलेले, रस्त्यावरचे, लग्नघरातले, रेडिओवरचे हिंदुस्थान त्यांत आहे. यामुळेच ते मला मेयर यांच्या लिहून दिलेल्या रागापेक्षा खरे वाटते.

'हम दोनो' ऐकावी ती यासाठी. या ध्वनिमुद्रिकेत सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. डेव्ह ग्रीन यांचा मंद्र बास, ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम, पाहुणे म्हणून इयन कार यांची तुतारी, आणि नॉर्मा विन्स्टन यांचा कंठ. तोही शब्दांवाचून, आपल्याकडील आकारासारखा. हिंदी म्हणून दाखविता येईल असे एकही वाद्य मांडलेले नसताना ही मुद्रिका त्या दहाजणांच्या प्रयोगाहून अधिक हिंदी वाटते, याचे कारण दोघांच्या संवादात आहे. हॅरियट हे त्या वेळी थकत चाललेले, प्रकृतीने आणि पैशाने खंगलेले कलावंत होते. १९६० मध्ये त्यांनी मुक्त रचनेचा जॅझ इंग्लंडात आणला, त्याची वाखाणणी झाली आणि पोट भरले नाही. १९७३ च्या आरंभी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. असा माणूस सॅक्सोफोनमधून आकांत करू लागला की साथीदारापुढे दोन सोपे मार्ग असतात : त्याच्याबरोबर ओरडावे, किंवा गप्प बसून ठेका धरावा. डिसिल्वा तिसरा मार्ग घेतात. ते हॅरियट यांच्या वाक्याचा शेवट ऐकतात, त्यातील एखादा स्वर उचलतात आणि अगदी हळू आवाजात तोच परत देतात, जणू विचारतात, हेच म्हणावयाचे होते ना? हॅरियट यांचा पुढला उद्गार त्या प्रश्नाला दिलेले उत्तर असतो. भजनात पेटीवाला बुवांची ओळ झेलतो आणि ती झेलण्यानेच बुवांना पुढची ओळ सुचते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

'जयपूर' नावाची त्यांची एक रचना 'इंटिग्रेशन' मध्येही आहे आणि 'हम दोनो' मध्येही. दोन्ही लागोपाठ ऐकाव्या. पहिल्या वेळी ती सुबक, घोटीव, रेंडेल-कार मंडळींच्या शिस्तीत चाललेली आहे; दुसऱ्या वेळी तिचे टाके उसवलेले आहेत आणि त्या फटींतून हवा येते. एकच बंदिश दोन साथसंगतींत दोन जन्म घेते, तेव्हा बंदिश कोणाची, हा प्रश्न पडतो. रचनाकार म्हणून नाव डिसिल्वांचे आहे, ते योग्यच आहे. परंतु दुसरा जन्म त्यांनी एकट्याने दिलेला नाही, आणि ते स्वतःच हे नाकारणारे शेवटचे गृहस्थ ठरले असते. मुद्रिकेचे नावच 'हम दोनो' आहे.

आता दोष. 'गंगा', 'जयपूर', 'महाराणी', 'मुंबईतला एक रस्ता' : ही शीर्षके लंडनच्या दुकानातील चित्रपत्रांसारखी आहेत. गिऱ्हाइकाला पूर्वेचा वास हवा होता, आणि तो त्याला वेष्टनावर मिळे. 'बॅलड फॉर गोवा' या गीतात मला मांडोचा विरहस्वर ऐकू येतो असे मी पहिल्यांदा माझ्या टिपणवहीत लिहिले. मग शीर्षक विसरून पुन्हा ऐकले, तेव्हा मांडो ऐकू येईना. संथ, उदास, सुंदर असे गीत तेवढे ऐकू आले. मांडो मला शीर्षकाने ऐकविला होता. समीक्षकाला साक्षीदार शिकविल्याचा दोष लागू नये म्हणून ही कबुली. १९७१ मधील 'रिफ्लेक्शन्स' गोड आहे आणि गोडच आहे. पाहुण्यांना चहा देताना लावावी अशी. १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाने निघालेली 'ड्रीम सीक्वेन्स' ही दोन बाजूंवर पसरलेली दीर्घ स्वप्नरचना आहे. तीत सतार, तबला, व्हायोलिन सर्व पुन्हा आले आहेत. काही ठिकाणी त्या काळच्या धूपदीपाच्या फॅशनचा धूरही आहे. तरी तीत अशी काही मिनिटे आहेत की जेथे गिटार आणि तबला यांचे एकमेकांशी खाजगी बोलणे चालते आणि बाकीची मंडळी अदबीने बाजूस होतात. तेवढ्यासाठी मी धुराची क्षमा करतो.

त्या तबल्यावर केशव साठे होते. मुंबईत १९२८ मध्ये जन्मलेले हे मराठी गृहस्थ १९५६ मध्ये लंडनला गेले, आणि पुढल्या अर्धशतकात त्यांनी कोणाकोणाला साथ केली त्याची यादी पाहून आश्चर्य वाटते. मेयर-हॅरियट यांचा तो प्रयोग, १९६७ मधील जर्मनीतली 'जॅझ मीट्स इंडिया', १९७२ मधील 'मॅजिक कार्पेट' या संचाची ध्वनिमुद्रिका, आणि १९७७ मध्ये जॉन रेनबर्न यांच्या गिटारीबरोबर मध्ययुगीन इंग्रजी गीते! इंग्लंडच्या जुन्या लोकगीताखाली दादऱ्यासारखा ठेका ऐकताना प्रथम हसू येते आणि दुसऱ्या कडव्यापासून तो तेथलाच वाटू लागतो. २०१२ मध्ये साठे वारले. त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी मोठी ध्वनिमुद्रिका नाही. इतरांच्या मुद्रिकांच्या पाठीवर, बारीक अक्षरांत, ते सर्वत्र आहेत. डिसिल्वा निदान आपल्या नावाने काही मुद्रिका मागे ठेवून गेले. तथापि त्यांच्याही एका मुद्रिकेची कथा ऐकण्याजोगी आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी 'कोंकण डान्स' या नावाने एक संच मुद्रित केला. तो निघाला नाही. कपाटात राहिला. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा डिसिल्वांना जाऊन दहा वर्षे झाली होती. आज त्यांच्या जुन्या तबकड्या संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात. त्या व्यवहारात वादकाचा हिस्सा काही नसतो.

येथे माझ्या धंद्याकडे थोडे वळतो; वाचकांनी क्षमा करावी. आपला १९५७ चा प्रताधिकार कायदा कवीला, चाल बांधणाराला, ध्वनिमुद्रिका काढणाराला मालक मानीत होता. प्रत्यक्ष वाजविणाराला नव्हे. अभिनयाबाबत हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि चित्रपटातील नटाच्या कामात त्याचा प्रताधिकार नसतो असा निर्णय झाला. तो १९७९ च्या निकालसंग्रहात छापला आहे. त्या दाव्यातील नट देव आनंद होते. म्हणजे १९६१ च्या 'हम दोनो' या चित्रपटाचेच दुहेरी नायक! हा योगायोग कायद्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, तरी तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथम कायद्यात आला. त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्याने देणारे यांनाही एकाच पंक्तीस बसविले आहे. मला तरी या पंक्तीत बसण्यास संकोच नाही. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आले, अडतीस-ब. आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असे मागण्याचा हक्क या कलमाने प्रयोगकर्त्याला दिला आहे. डिसिल्वांच्या ध्वनिमुद्रिका इंग्लंडात झाल्या, त्यांना आपले कलम लागू नाही, हे कोणीही कनिष्ठ वकील सांगेल. माझ्या पत्रिकेलाही ते काटेकोरपणे लागू करता आले नसते, असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. आणि युक्तिवाद चांगला होता, म्हणूनच मला त्याची लाज वाटली. पत्रिकेत अकरा देणगीदार मावले होते. बाराव्या ओळीला जागा नव्हती असे म्हणता येत नाही.

तीन-चार आठवड्यांपूर्वी आमचे तबलजी काही कागदावर सही घेण्यासाठी घरी आले होते. संत्र्याचे गाडे रस्त्याने चालले होते, त्यांचा आवाज संपेपर्यंत थांबलो आणि मोबाईलवर 'ड्रीम सीक्वेन्स' लावली. त्यांनी डोळे मिटले. गिटारीच्या वेळी ते स्वस्थ होते. तबला आला तशी त्यांची तर्जनी गुडघ्यावर चालू लागली. एका ठिकाणी ती चुकली, त्यांनी डोळे उघडले, आणि हसले. संपल्यावर विचारले, "हा तबला कोन वाजवून राह्यला जी?"

मी नाव सांगितले, गाव सांगितले, लंडनचे सांगितले. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेऊन पडद्यावर पाहिले. तेथे फक्त 'कॉस्मिक आय' असे लिहिलेले होते. चष्मा वर करून त्यांनी ते दोनदा नीट पाहिले, इकडे तिकडे बोटाने सरकविले, आणि मोबाईल परत दिला.

"पुन्हा लावा बरं," ते म्हणाले, आणि आतून आलेला चहा त्यांनी घेतला.